पलटणीत गेलेला माणूस
(‘कागदांतलं घराणं’ : वाचकांचे प्रश्न)

मागच्या दोन अंकांत मी कोतवाल पंजीवर, म्हणजे गावचा कोतवाल ठेवी त्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीवर, लिहिलं. आता पत्रं येतील ती जातपडताळणीची, असं मला वाटलं होतं. तीही आली. पण त्यांच्याबरोबर दुसऱ्याच एका गोष्टीची पत्रं आली आणि ती वाचताना मी दोनदा चष्मा काढून पुसला. घरातला एक माणूस पलटणीत गेला आणि परत आला नाही. त्याचं पुढं काय झालं ते आज कुठं कळेल? बत्तीस वर्षं पटवारी म्हणून फेरफार लिहिताना ‘बेपत्ता’ आणि ‘लष्करात मयत’ असे शेरे मी किती वेळा नकलून घेतले, पण त्या शेऱ्याच्या मागे कधी गेलो नाही. निवृत्तीनंतर गेलो. त्या शोधात जे कळलं त्यातलं या चार पत्रांना लागू पडेल तेवढं इथे देतो. पत्रलेखकांची नावं आणि गावं त्यांच्या इच्छेनं गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या आजेसासऱ्यांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेले. सरकारी चिठ्ठी आली, माणूस आला नाही. आमच्या थोरल्या आजींनी १९८९ साली डोळे मिटेपर्यंत कुंकू लावलं. ‘चिठ्ठीच आली, मानूस तं नाही आला’ असं त्या म्हणत. त्यांच्या पेटीत मनीऑर्डरचं एक कुपन तेवढं आहे. मुलानं मोबाईलवर युद्धातल्या कबरींची यादी शोधली. त्यात आमच्या आजोबांच्या नावाचा, यवतमाळ जिल्ह्यातला एक माणूस आहे, पण त्याच्या बायकोचं नाव वेगळं आहे. आणि आपल्यात तर दहन करतात, मग कबर कशी? तो माणूस आमचा नाही, असंच समजायचं का?
– एक सून, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ताई, आधी त्या ‘कबर’ शब्दाचा उलगडा करतो, कारण त्या एका शब्दापायी आपल्याकडची कितीतरी घरं ही यादी उघडूनसुद्धा बघत नाहीत.

ही यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेची आहे. फेबियन वेअर नावाच्या माणसाच्या खटपटीतून ती १९१७ च्या मे महिन्यात उभी राहिली. तेव्हा तिच्या नावात कॉमनवेल्थऐवजी इम्पीरियल हा शब्द होता. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनं गेलेल्या सुमारे १७ लाख माणसांची नोंद तिच्याकडे आहे. ज्याची कबर आहे त्याची कबर, आणि ज्याची नाही त्याचं नाव कुठल्यातरी स्मारकावर, अशी तिची रीत. आपल्याकडच्या हिंदू आणि शीख शिपायांचं जिथे जमलं तिथे दहनच झालं. कोहिमाला अशा ९१७ जणांची नावं एका वेगळ्या दहन-स्मारकावर आहेत, इंफाळला ८६८ जणांची. रंगूनच्या उत्तरेला तौक्यान म्हणून गाव आहे, तिथल्या युद्धस्मशानातही दहन झालेल्या हजारावर जणांचं असंच स्मारक आहे.

पण तुमच्या मुलानं पाठवलेल्या कागदावर ‘रंगून मेमोरियल’ असं आहे, म्हणजे गोष्ट वेगळी. तेही तौक्यानलाच आहे. उघड्या आभाळाखाली लांबच लांब खांबांच्या ओळी आणि त्या खांबांवर सुमारे २७ हजार नावं. ब्रह्मदेशाच्या आणि आसामच्या लढाईत जे गेले, पण ज्यांचं काही सापडलं नाही किंवा ज्यांना आपापल्या धर्माचे शेवटचे संस्कार मिळाले नाहीत, त्यांची ही नावं. तिथे कोरलेल्या मजकुरातच तसं म्हटलं आहे. कागदावर नावापुढं ‘फेस’ आणि एक आकडा आहे ना? तो चेहरा नव्हे. खांबाची कोणती बाजू, ते त्या आकड्यावरून कळतं. उद्या कोणी तिकडे गेलं तर आकडा बरोबर ठेवावा, नाहीतर २७ हजारांत एक नाव शोधत दिवस मावळेल.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. बायकोचं नाव वेगळं.

त्या नोंदीत नाव, हुद्दा, क्रमांक, पलटण, तारीख झाल्यावर खाली एक ओळ असते. अमक्याचा आणि अमकीचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव अमुक, जिल्हा अमुक. सगळ्यांच्या नोंदीत ती नसते. ज्यांच्यात आहे त्यांनी तिच्याकडे नीट बघावं. ती ओळ लष्कराच्या कागदांतून, आणि जिथे जमलं तिथे घरच्यांकडून विचारून आली. भरतीच्या टेबलापुढं उभ्या असलेल्या पोराला कारकुनानं विचारलं असेल, बापाचं नाव? मायचं? लग्न झालं का, बायकोचं नाव? त्यानं जे सांगितलं ते कारकुनाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरलं.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात. थोरल्या आजी तुमच्या घरात ज्या नावानं वावरल्या ते सासरचं नाव. नवऱ्याच्या तोंडी कोणतं होतं? लग्नाआधी ती ओळखीतली, नात्यातली असेल, तर माहेरचंच नाव त्याच्या जिभेवर असणार. तुम्ही पत्रात लिहिलं आहे की त्या मामेबहीण लागत होत्या. म्हणजे लहानपणापासून एकमेकांना नावानं हाक मारलेली. तेव्हा ‘तो आमचा नाही’ असं ठरवायच्या आधी त्यांच्या माहेरच्या गावात कोणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर त्याला जाऊन एवढंच विचारा : लग्नाआधी तिला काय म्हणत होते? यादीतलं नाव आधी तुमच्या तोंडून निघू देऊ नका. म्हातारी माणसं मायाळू असतात, समोरच्याला हवं असेल तर ‘हो’ म्हणतात.

हे एवढ्या खात्रीनं लिहितो, कारण हे माझ्याच घरात घडलं आहे.

माझ्या आईचा मामा ब्रह्मदेशात गेला होता. त्याची नोंद मला सापडली तेव्हा आई एक्क्याऐंशी वर्षांची होती. सेतू केंद्रातून कागद छापून आणला आणि पडवीत तिच्या शेजारी बसून वाचून दाखवला. ती शाळेत गेली नव्हती. बापाचं नाव वाचलं, तिनं मान हलवली. पुढं ‘आणि’ म्हणून एका बाईचं नाव होतं. ते वाचल्यावर ती म्हणाली, ‘हे कोन?’ मी म्हटलं, तुझ्या मामाची माय, म्हणजे तुझी आजी. ती गप्प बसली. आमच्या घरात त्या बाईला सगळे ‘जुनी माय’ म्हणत. आईला तिचं नाव माहीतच नव्हतं. कोतवाल पंजीत बापाचं नाव लिहीत. वावर तिच्या नावावर नव्हतं, शाळेचा प्रश्नच नाही, म्हणून सरकारी कागदावर ती बाई कुठंच नव्हती. होती ती या एका ओळीत. आईनं कागदावर बोट ठेवलं, मी दाखवलं तिथे, आणि विचारलं, ‘हे कोनं सांगतलं त्याईले?’ मी म्हटलं, मामानंच सांगितलं असेल, भरतीच्या वेळी. तिनं ते बोट बराच वेळ उचललं नाही.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, ती ओळ कारकुनाची म्हणून सोडून देऊ नका. गेलेल्या माणसाच्या तोंडचे दोन-चार शब्द त्यात राहिले असण्याचा संभव फार मोठा आहे.

आता पडताळणी. यात घाई करू नये, माझ्या हातून एकदा झाली. शेजारच्या तालुक्यातल्या एका घराला मी नाव आणि पलटण जुळली एवढ्यावर ‘हाच तुमचा’ म्हणून सांगून टाकलं. त्यांनी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्याच्या नावानं घागर भरली. पुढच्या वर्षी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये त्यांच्या माणसाच्या बापाचं नाव दिसलं. ते वेगळंच होतं. मी जिच्यावर बोट ठेवलं ती नोंद दुसऱ्याच कोणाची होती. मी जाऊन सांगितलं. त्या घरचे नव्वदीतले काका ओसरीवर बसले होते. म्हणाले, ‘त्या बिचाऱ्याची घागर भरणारं कोणी असन का नसन. भरली तं भरली.’ त्यांनी मला चहा पाजला. पण तेव्हापासून बापाचं नाव आणि गाव, दोन्ही जुळल्याशिवाय मी कोणाला ‘हाच’ असं म्हणत नाही.

तुमच्या बाबतीत गाव जुळतं, बापाचं नाव जुळतं असं दिसतं. तरी दारव्ह्याच्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल पंजीची नक्कल काढा. थोरल्या आजोबांचं वय नोंदीत बावीस आहे. मृत्यूच्या सालातून बावीस वजा करा आणि अलीकडची-पलीकडची दोन-दोन वर्षं बघा. त्यांचं नाव मिळेलच असं नाही, कारण जन्माच्या नोंदीत पुष्कळदा नुसतं ‘मुलगा’ लिहिलेलं असतं, बारसं व्हायचं असतं. बापाचं नाव आणि भावंडांचा क्रम यावरून जुळवायचं. मृत्यूची नोंद मात्र तिथे शोधू नका. कोतवाल गावात झालेला मृत्यू लिहायचा, दूर ब्रह्मदेशातल्या अराकानातला नाही.

तारखेबद्दल एक गोष्ट. तुम्ही लिहिता की आजी सांगत, चिठ्ठी आली तेव्हा पऱ्हाटी फुटली होती. म्हणजे कापसाची बोंडं फुटायचे दिवस, दिवाळीच्या आसपास. नोंदीत तारीख मे महिन्याची आहे, म्हणून तुमचा मुलगा गोंधळला. गोंधळू नये. माणूस दिसेनासा झाला की आधी ‘बेपत्ता’ म्हणून लिहीत, मग काही महिन्यांनी मृत धरून घरी कळवीत. उन्हाळ्यातला मृत्यू वेचणीच्या दिवसांत कळला, यात काही वावगं नाही. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडलं, तिथल्या कित्येक नोंदींवर तीच एक तारीख आढळते. ती कागदावरची तारीख म्हणून घ्यावी. वर्षश्राद्धाची तिथी तिच्यावरून काढायची की नाही, ते घरच्या मोठ्यांनी ठरवावं.

आणि ते मनीऑर्डरचं कुपन प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवा, चिकटपट्टी लावू नका. त्यावर गोल शिक्का असेल, त्यात एफ.पी.ओ. आणि एक क्रमांक. म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस. छावणी हलली की ते टपालघरही हले. जुनी टपाल-तिकिटं जमवणाऱ्या लोकांकडे या क्रमांकांच्या याद्या असतात, कोणत्या महिन्यात कोणता क्रमांक कुठं होता याच्या. अमरावती-नागपूरकडे तिकिटांचं प्रदर्शन भरलं तर कुपनाचा फोटो घेऊन जा. तो पैसा कोणत्या गावाहून आला, ते कळू शकेल.

ज्यांना अजून नाव सापडलंच नाही त्यांच्यासाठी : शोधताना आजचं स्पेलिंग विसरा. यवतमाळ तेव्हा वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असं लिहीत, अमरावती ए-एम-आर-ए-ओ-टी-आय. बुलडाण्यात एच नसे. चंद्रपूर म्हणजे चांदा, अचलपूर म्हणजे एलिचपूर. गोंदियाचा माणूस भंडाऱ्यात शोधा, कारण गोंदिया जिल्हा १९९९ चा. गडचिरोलीचा चांद्यात, वाशिमचा अकोल्यात. कुठं नुसतं सी.पी. (मध्य प्रांत) असेल, कुठं बेरार (वऱ्हाड). लक्ष्मणचं एल-ए-एक्स-एम-ए-एन होतं तसंच एल-यू-सी-एच-एम-ए-एन पण होतं. आपल्या लोकांचं आडनाव पुष्कळदा लिहिलंच नाही. माणसाचं पाळण्यातलं नावच आडनावाच्या रकान्यात बसवलेलं असतं. तेव्हा आडनावाच्या जागी त्याचं नाव टाकून बघा. तेही जमलं नाही तर नाव कोरं सोडा आणि ‘जादा माहिती’च्या रकान्यात जिल्ह्याचं जुनं स्पेलिंग टाका. एका संध्याकाळी मी असा एक जिल्हा टाकला आणि ओळखीच्या गावांची नावं एकाखाली एक उतरत गेली. त्यातली काही माझ्याच साझ्यातली होती. त्या गावांचा सातबारा मला पाठ होता, आणि ही माणसं ठाऊक नव्हती.

प्रश्न : आमच्या देवघरात तांब्याच्या रंगाचा एक बिल्ला आहे. त्यावर घोड्यावर बसलेला माणूस आहे, म्हणून आजीपासून त्याला खंडोबाच्या टाकाबरोबर पूजतात. मागच्या बाजूला राजाचं डोकं आहे. पणजोबा इराकमधल्या बसऱ्याच्या लढाईत वारले असं ऐकत आलो. कमिशनच्या यादीत त्यांचं नाव नाही. बिल्ला चिंचेनं घासून काठावरची अक्षरं वाचावी का?
– एक शेतकरी, ता. पवनी, जि. भंडारा

घासू नका. चिंच नको, राख नको, पितांबरी तर मुळीच नको. ज्या घरांनी दर दिवाळीला बिल्ला लखलखीत केला, त्या घरांत काठ गुळगुळीत झाला आणि नाव गेलं. तुमच्या घरी पूजेतली हळद वर्षानुवर्षं काठाच्या अक्षरांत बसली असणार. ती अक्षरं तिनंच जपली. सकाळी दहाच्या सुमाराला तिरपं ऊन ओसरीत येतं, तेव्हा बिल्ला उभा धरा, काठ उन्हाकडे करून हळूहळू फिरवा आणि मोबाईलनं जवळून फोटो घेत जा. हळद भरलेली अक्षरं पिवळी उठून दिसतील. आधी क्रमांक असेल, मग हुद्दा किंवा काम, मग नाव, शेवटी तुकडी.

घोडेस्वार आहे आणि १९१४ व १९१८ ही सालं आहेत, म्हणजे हे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. लढणाऱ्या शिपायांना ते चांदीचं मिळालं. ब्राँझचं दिलं ते बहुतेक मजूर तुकड्यांना, ज्यांनी बंदूक धरली नाही, ओझी वाहिली, रस्ते आणि रूळ टाकले. तुमचा बिल्ला तांबूस आहे यावरून पणजोबांचं काम कोणत्या प्रकारचं होतं ते दिसतं. घरच्या गोष्टीत ते ‘लढाईत’ गेले असं असेल. त्यांनी पाठीवर पोती वाहिली असतील, तर तेही त्याच लढाईचं काम होतं, आणि तुम्ही ते तसंच सांगावं.

पण बिल्ला आहे म्हणून माणूस तिकडेच वारला, असं होत नाही. परत आलेल्यांनाही तोच मिळाला. वारलेल्यांच्या घरी वेगळी एक ब्राँझची थाळी येई, तळहाताहून मोठी, त्यावर सिंहाशेजारी उभी बाई आणि चौकटीत उठावदार अक्षरांत गेलेल्याचं नाव. ती घरात कधी होती का, विचारा. जुन्या भांड्यांच्या मोडीत गेली असण्याचाही संभव आहे.

कोतवाल पंजी इथे कामाला येते. पणजोबांच्या नावावर १९१९ नंतर एखादं मूल जन्मल्याची नोंद आहे का ते बघा. असेल तर ते परत आले होते. नसेल तरी गावात त्यांच्याच मृत्यूची नोंद आहे का ते शोधा, आणि १९१८ ची पानं आधी काढा. इन्फ्लुएन्झाची ती साथ मध्य प्रांत-वऱ्हाडाला फार जड गेली. त्या साली ऑक्टोबरात पंजीची पानं कशी भरलेली असतात ते मी पाहिलं आहे. एका दिवसात एकाच घरचे तिघं. ‘कारण’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसता ‘ताप’. बसऱ्याहून जिवंत आलेला माणूस आपल्याच अंगणात त्या तापानं गेला असेल, आणि पुढच्या पिढीनं दोन्ही गोष्टी एकात गुंतवल्या असतील.

आणि समजा ते खरोखर तिकडेच गेले, तरी नाव न सापडणं हा तुमच्या शोधाचा दोष नाही. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर माणसांची आठवण आहे. त्यात गोऱ्यांची आणि आपल्या सुभेदार-जमादारांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि पुढं मेलेल्यांचा आकडा आला. बहुतेक शिपायांची नावं निदान रजिस्टरात तरी आहेत आणि आज शोधली तर सापडतात. हमाल-मजुरांपैकी अनेकांचं तेवढंही नाही. कमिशननं स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये आला. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार माणसांची, त्यात आपलीही, बरोबरीनं नोंद झाली नाही, आणि निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांचं नावच कुठं लिहिलं गेलं नाही, असं त्यात कबूल केलं आहे. या न लिहिलेल्यांत पूर्व आफ्रिका आणि इजिप्तचे लोक सगळ्यांत जास्त. सगळ्यांना सारखं वागवायचं, हुद्दा, वंश, धर्म बघायचा नाही, हे त्या संस्थेचं पहिल्यापासूनचं तत्त्व होतं. तत्त्व होतं आणि आमच्या माणसांच्या वेळी ते पाळलं नाही. हे लिहिताना मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

पण त्याच अहवालानंतर नवी नावं घेण्याचं काम चालू झालं आहे. काठावरचा क्रमांक आणि नाव वाचता आलं, त्याला पंजीची नक्कल जोडली, तर तुम्ही त्यांना लिहू शकता. इंग्लंडातल्या ब्रायटनजवळच्या टेकडीवर आपल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांचं दहन झालं. तिथे संगमरवरी छत्री १९२१ साली उभी राहिली, पण त्या ५३ जणांची नावं दगडावर यायला २०१० साल उजाडलं. उशिरा येतात, पण येतात.

बिल्ला देवघरातच राहू द्या. त्याला खंडोबा म्हणून हळद वाहणाऱ्या आजीनं तुमच्या पणजोबांची वर्षानुवर्षं सेवा केली आहे. फक्त पाण्यानं आंघोळ घालू नका.

प्रश्न : माझे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. १९४६ साली दवाखान्यात वारले. लढाई १९४५ लाच संपली होती, म्हणून त्यांना युद्धातला मृत धरत नाहीत असं मला सांगण्यात आलं. खरं आहे का?
– एक शिक्षक, कामठी परिसर

खरं नाही. दुसऱ्या महायुद्धासाठी कमिशन ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा काळ धरतं आणि त्या काळात नोकरीवर असताना आजारानं गेलेला शिपाईही मोजतं. गोळीच लागली पाहिजे असं नाही. (पहिल्या युद्धाचा काळ ऑगस्ट १९१४ ते ऑगस्ट १९२१.) देशातल्या देशात छावणीत किंवा दवाखान्यात वारलेल्या २५ हजारांवर लोकांची नावं दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या स्मारकाच्या नामावलीत आहेत, तशीच कराचीला. त्यामुळं नोंदीपुढं ‘दिल्ली/कराची’ दिसलं तर आजोबा कराचीला कसे गेले म्हणून चक्रावू नका. फाळणी झाली तेव्हा दोन्हीकडच्या घरांना बघता यावं म्हणून नावं दोन ठिकाणी आहेत.

महार रेजिमेंटची पहिली पलटण १९४१ ला बेळगावला उभी राहिली आणि दुसरी तुमच्या कामठीलाच. ही दुसरी पलटण ब्रह्मदेशात गेली होती. रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस आज मध्य प्रदेशात सागरला आहे. (मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला लिहावं.) शीट रोल (एकेका शिपायाच्या नोकरीचा तपशीलवार कागद) मागू नका, पेन्शन नसलेल्यांचे ते पंचवीस वर्षांनी नष्ट करत आले आहेत. ‘लाँग रोल’चा उतारा मागा, ते रजिस्टर कायम ठेवतात. अर्जात सर्व्हिस नंबर पहिल्या ओळीत लिहा, तो कमिशनच्या नोंदीत मिळतो. नंबर नसलेला अर्ज पडून राहतो, असा माझा अनुभव आहे. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून शिफारस घेऊन गेला तर बरं. आणि घरी मिळालेल्या पेन्शनचं जुनं पुस्तक कुठं फळीवर पडलं असेल तर आधी ते उतरवा.

प्रश्न : एका माणसानं आम्हाला ‘इंग्लंडहून शहिदाचं सर्टिफिकेट’ आणून देतो म्हणून पाच हजार मागितले आणि आधार कार्ड घेतलं. द्यावे का?
– एक वाचक, जि. वाशिम

एक पैसाही देऊ नका. यादी बघायला फी नाही, नोंदीचा कागद तुम्ही स्वतः उतरवून घेऊ शकता, सेतू केंद्रात छपाईचे दहा-वीस रुपये लागतील तेवढेच. त्या कागदावर जमीन मिळत नाही, नोकरी मिळत नाही, थकलेली पेन्शनही मिळत नाही. कोणी तसं सांगत असेल तर तो फसवतो आहे. आधारची प्रत परत मागा, मोबाईलवर आलेला कोणताही नंबर त्याला सांगू नका, आणि मूळ कागद तर कोणाच्याच हाती देऊ नका. मी एकदा आमच्या घरचं एक मूळ पत्र एका कार्यालयात जोडून दिलं होतं. ते परत आलं नाही. ‘फाईल सापडत नाही’ एवढं उत्तर तिसऱ्या फेरीला मिळालं. त्या पत्राची झेरॉक्ससुद्धा मी काढली नव्हती.

दारव्ह्याच्या ताईंना परत एकदा : माहेरच्या गावाला जाल तेव्हा आखाजीच्या आधी जा. त्या दिवसांत म्हातारी माणसं घरी असतात आणि गेलेल्यांची नावं त्यांच्या तोंडी आपोआप येतात. जे नाव ते सांगतील ते तिथल्या तिथे मराठीत लिहून घ्या, आणि यादीतलं नाव मोठ्यानं वाचून बघा. मला कळवा.